भरलेल्या गाडीचं गणित : स्पोर्ट-टुरिंग मोटरसायकलविषयी वाचकांचे प्रश्न

स्पोर्ट-टुरिंग मोटरसायकल कशी घडते, याबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांची उत्तरं या अंकात देत आहोत. कुणी काचेबद्दल विचारलं आहे, कुणी चेनबद्दल, कुणी इंजिनाबद्दल. उत्तरं मात्र फिरून एकाच मुद्द्याशी येतात. दोन माणसं आणि सामान घेऊन दिवसभर धावताना ही गाडी कशी वागेल, त्यावरून तिचा प्रत्येक भाग ठरतो.

प्रश्न : १००० सीसीच्या स्पोर्ट्स बाईकला उंच हँडल, मोठी काच आणि बाजूला पेट्या लावल्या, की ती स्पोर्ट-टुरर झालीच ना? मग कंपन्या वेगळी गाडी का बनवतात?

बसण्याची ढब बदलेल, गाडी बदलणार नाही. अडचण मागच्या अर्ध्या भागात आहे. स्पोर्ट्स बाईकची मागची सबफ्रेम, म्हणजे सीट पेलणारा मागचा सांगाडा, हलकी असते. एका चालकासाठी आणि फार तर थोड्या वेळापुरत्या मागे बसणाऱ्यासाठी तिचा हिशेब केलेला असतो. तिच्यावर पेट्या टांगल्या की प्रत्येक खड्ड्यात त्या वजनाचा हिसका कित्येक पटींनी बोल्टांवर आणि जोडांवर येतो. भेग पहिल्यांदा जाते ती तिथेच, बहुतेक वेळा वेल्डिंगच्या कडेला.

आता मागच्या सस्पेन्शनचा हिशेब करू. मागच्या चाकाचा प्रवास, म्हणजे वर-खाली हलण्याची मर्यादा, १३५ मिमी, शॉकचा प्रवास ५० मिमी, म्हणजे चाक आणि शॉक यांचं गुणोत्तर २.७ आहे असं धरा. स्प्रिंग १४० न्यूटन प्रति मिमी असेल, तर चाकापाशी जाणवणारा ताठरपणा १४० भागिले २.७ चा वर्ग, म्हणजे सुमारे १९ न्यूटन प्रति मिमी. मागे ६५ किलोचा माणूस आणि २५ किलो सामान वाढलं, त्यातलं ८५ टक्के वजन मागच्या चाकावर आलं, तर सुमारे ७५० न्यूटनचा भार वाढतो आणि गाडीची मागची बाजू आणखी ३९ मिमी खाली बसते.

१५०० मिमी व्हीलबेसच्या (दोन्ही चाकांच्या आसांमधल्या अंतराच्या) गाडीत ३९ मिमी म्हणजे जवळजवळ दीड अंश. तेवढाच स्टीअरिंगच्या आसाचा कल, म्हणजे रेक, वाढतो. २४.७ अंशांची रेक २६.२ झाली, की १०३ मिमीचा ट्रेल (स्टीअरिंगची रेषा जमिनीला मिळते तिथपासून पुढचं टायर टेकतं तिथपर्यंतचं अंतर) ११२ च्या आसपास जातो. गाडी वळायला आळशी होते, पुढच्या चाकावरचा भार हलका होतो आणि हेडलाइटचा झोत ५० मीटरवर १.३ मीटर वर चढतो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला रस्ता दिसत नाही. म्हणून या वर्गातल्या गाड्यांना मागचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, बदलायला हातानं फिरवायची मूठ किंवा बटण असतं आणि बऱ्याच गाड्यांत हेडलाइटची उंची बदलण्याची सोयही असते. या दोन गोष्टी चैनीच्या नाहीत.

कारखान्यात हेच रूपांतर कसं केलं जातं, ते कावासाकीच्या निंजा एच२ एसएक्सवर नीट दिसतं. २०१८ मध्ये ती आली तेव्हा मूळ एच२ ची नळ्यांची फ्रेम तशीच उचलली नव्हती. व्हीलबेस १४५५ वरून १४८० मिमी केला, सबफ्रेम लांब आणि भक्कम केली आणि भारक्षमता १९५ किलोपर्यंत नेली. इंजिनही बदललं. सुपरचार्जर (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) ठेवून कॉम्प्रेशनचं गुणोत्तर ८.५ वरून ११.२ वर नेलं, कारण टुररला सर्वोच्च ताकदीपेक्षा इंजिनाच्या मधल्या फेऱ्यांतला जोर आणि पेट्रोलची बचत जास्त हवी.

स्वतःच्या गाडीची भारक्षमता काढणं सोपं आहे. मॅन्युअलमधल्या कमाल एकूण वजनातून टाकी भरलेल्या गाडीचं वजन वजा करा. उरलेल्या आकड्यात चालक, त्याचं हेल्मेट-जॅकेट-बूट, मागे बसणारा, पेट्यांचं स्वतःचं वजन आणि आतलं सामान, सगळं बसलं पाहिजे. रिकामी पेटीच ४ ते ५ किलोची असते. ती मोजायला लोक हमखास विसरतात.

प्रश्न : दोघांसाठी आणि सामानासाठी मागचा शॉक नेमका कसा लावायचा? मेकॅनिक म्हणतो, "पूर्ण घट्ट करून टाका."

मोजल्याशिवाय घट्ट करू नका. टेप, कागद-पेन्सिल आणि मदतीला एक-दोन माणसं एवढं पुरतं.

गाडी सेंटर स्टँडवर घेऊन मागचं चाक अधांतरी करा. चाकाच्या आसाच्या मध्यापासून सरळ वर, सीटखालच्या एखाद्या पक्क्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा. हा पहिला आकडा. मग गाडी स्टँडवरून उतरवून सरळ उभी धरा आणि तेच अंतर पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे गाडी स्वतःच्या वजनानं किती बसते ते. तो ५ ते १५ मिमी असावा. आता चालकानं पूर्ण पोशाखात, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसायचं आणि मदतनिसानं गाडी सावरायची. हा तिसरा आकडा. पहिल्यातून तो वजा केला की प्रवासाच्या साधारण ३० टक्के, म्हणजे १३५ मिमीच्या गाडीत ४० मिमीच्या आसपास यायला हवा.

सील आणि लिंकेजच्या घर्षणामुळे एकच माप दोनदा वेगळं येतं. म्हणून सीट एकदा हलकेच दाबून सोडा आणि मोजा, एकदा हलकेच उचलून सोडा आणि मोजा, मग सरासरी घ्या.

त्यानंतर मागचा माणूस आणि भरलेल्या पेट्यांसह मोजा. प्रीलोड १० मिमीनं वाढवला, तर वरच्या उदाहरणातल्या गाडीत चाकापाशी २७ मिमी उंची परत मिळते. ३९ मिमी बसलेली गाडी त्यामुळे १२ मिमीच खाली राहते आणि तेवढं चालतं. प्रीलोड शेवटपर्यंत फिरवूनही गाडीचं खाली बसणं प्रवासाच्या ४० टक्क्यांच्या वरच राहत असेल, तर स्प्रिंग त्या भारासाठी मऊ आहे आणि ती बदलावी लागेल. प्रीलोडनं उंची बदलते, स्प्रिंगचा ताठरपणा बदलत नाही. चालक बसल्यावरचा आकडा बरोबर, पण गाडी स्वतःच्या वजनानं मुळीच बसत नाही, हीदेखील मऊ स्प्रिंग जास्त दाबून ठेवल्याची खूण आहे.

मेकॅनिकच्या सल्ल्यातली खरी गफलत पुढे आहे. प्रीलोड घट्ट करून तो तसाच ठेवला आणि परतीला चालक एकटाच बसला, की मागचं चाक खड्ड्यात खाली उतरूच शकत नाही. गाडी उडत चालते आणि ब्रेकमध्ये मागचं टायर लवकर सुटतं. भार बदलला की प्रीलोड बदलायचा. आणि प्रीलोड वाढवला, की रीबाउंड डॅम्पिंगही, म्हणजे दाबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला आवरणारा अडथळा, एक-दोन क्लिक वाढवा. त्याचा स्क्रू पूर्ण बंद होईपर्यंत क्लिक मोजत हलक्या हातानं फिरवा, मग उलटे मोजत हव्या त्या जागी आणा. शेवटी जोर लावला तर आतल्या सुईचं टोक खराब होतं.

प्रश्न : आणखी उंच काच बसवली, तर डोकं पूर्वीपेक्षा जास्त गदगदायला लागलं. असं का?

कारण काचेमागे पोकळी तयार झाली. काच वारा वर फेकते, तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि वरून गेलेली हवा त्या कमी दाबाच्या जागेत भोवरे करत परत ओढली जाते. ते भोवरे नेमके हेल्मेटवर आपटतात. काच जितकी उभी आणि रुंद, तितकी पोकळी मोठी. पाठीमागून कुणी पुढे ढकलतंय असं वाटत असेल, तर कारण हेच.

चांगल्या काचेच्या बुडाशी म्हणूनच मुद्दाम फट ठेवलेली असते. तिच्यातून थोडी हवा आत शिरते, दोन्ही बाजूंचा दाब जवळ येतो आणि वरची हवा सरळ निघून जाते. बाहेरून घेतलेल्या उंच काचा बऱ्याचदा ही फट बुजवतात. तसं झालं असेल तर काचेच्या खालच्या बोल्टांवर १० ते १५ मिमीचे स्पेसर घालून पाहा. फरक पहिल्याच फेरीत कळेल. त्यानंतर उंची. चालकाची नजर काचेच्या कडेच्या २ ते ५ सेंमी वरून जावी. काचेतून रस्ता पाहावा लागत असेल तर काच उंच आहे. रात्री पावसात तिच्यावरचे थेंब समोरच्या दिव्यांत चमकतात आणि काही दिसेनासं होतं.

हवा कुठून फिरतेय हे पाहायला काचेच्या कडेला, हेल्मेटवर आणि खांद्यांवर लोकरीचे ८-१० सेंमीचे धागे चिकटवून बंद ट्रॅकवर दुसऱ्या वाहनातून चित्रण करा. धागा स्थिर मागे ताणलेला असेल तिथे हवा सरळ आहे. उलटा पुढे वळत असेल तिथे भोवरा आहे. कंपन्यांच्या वाऱ्याच्या बोगद्यातही (उभ्या गाडीवर वारा सोडून चाचणी घेतात तिथे) हेच धागे लावतात, धूर सोडण्याची जोड फक्त जास्त.

बीएमडब्ल्यूची आर१००आरएस १९७६ मध्ये आली, तिचं पूर्ण फेअरिंग, म्हणजे पुढचं वारा कापणारं कवच, पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या वाऱ्याच्या बोगद्यात घडवलं होतं आणि रेखाटन डिझायनर हान्स मुथ यांचं होतं. त्या गाडीनं दाखवून दिलं, की फेअरिंगचं काम वेग वाढवणं एवढंच नाही. चालकाच्या छातीवरचा दाब उतरवणं आणि पुढचं चाक वेगात हलकं होऊ न देणं हेही त्याचंच काम. स्पोर्ट-टुरिंगचं फेअरिंग आजही याच तिहेरी हिशेबानं कापतात.

या हिशेबात पेट्याही येतात. चालकासह गाडीचा ड्रॅग (वाऱ्याच्या विरोधाचा गुणांक) गुणिले समोरून दिसणारं क्षेत्रफळ ०.४० चौरस मीटर धरलं, तर ताशी १२० किमीला नुसता वारा कापायला ८.९ किलोवॉट लागतात. पेट्यांनी ते ०.४६ झालं, की १०.२. वेग दुप्पट केला तर ही ताकद आठपट होते. म्हणून पेट्यांची पुढची बाजू चालकाच्या पायांच्या आणि फेअरिंगच्या सावलीत बसवण्यासाठी डिझायनर एकेका सेंटिमीटरवर भांडतात. त्यात सायलेन्सर आडवा येतो. एका बाजूला सायलेन्सर वर असेल तर त्या बाजूची पेटी बाहेर सरकते किंवा आतून कापून लहान करावी लागते. सायलेन्सर खाली आणि आखूड ठेवायचा, तर कॅटॅलिस्ट (धूर शुद्ध करणारा भाग) इंजिनाखाली न्यावा लागतो आणि त्याची उष्णता पायांपाशी येते.

प्रश्न : ताशी १३० च्या पुढे गाडी मागून डुलते. टॉप बॉक्स (सीटमागची वरची पेटी) काढला की थांबते. बॉक्स खराब आहे का?

बॉक्स बहुधा ठीक असेल. तो जिथे आहे ती जागा वाईट आहे.

मोटरसायकल दोन प्रकारे थरथरते. हँडल भराभर दोन्हीकडे फडफडतं, सेकंदाला ६ ते १० वेळा, तो वॉबल. सगळी गाडीच मागच्या बाजूनं सावकाश डुलते, सेकंदाला २ ते ४ वेळा, तो वीव्ह. तुमचा वीव्ह आहे. वेग वाढला की त्याला आवरणारं डॅम्पिंग कमी होत जातं आणि मागे, उंचावर ठेवलेलं वजन ते आणखी कमी करतं. मागच्या आसाच्या ४०० मिमी मागे १० किलो ठेवले, तर १५०० मिमी व्हीलबेसच्या गाडीत मागच्या चाकावर १२.७ किलो वाढतात आणि पुढच्या चाकावरून २.७ किलो उचलले जातात. शिवाय बॉक्स चालकाच्या मागच्या भोवऱ्यांत उभा असतो, त्यामुळे वारा त्याला डावी-उजवीकडे सतत ढोसत राहतो.

चालत्या गाडीवर हे झालं तर हँडल आवळू नका आणि एकदम ब्रेक मारू नका. हात सैल, अंग टाकीवर पुढे, गुडघ्यांनी टाकी धरा आणि थ्रॉटल हळूहळू कमी करा.

मग तपासणी, याच क्रमानं. टायर गार असताना हवेचा दाब पाहा. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना पुढे २.५ आणि मागे २.९ बार, म्हणजे ३६ आणि ४२ पीएसआय लागतो. तुमच्या गाडीचा आकडा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. मागच्या टायरचा मधला भाग सपाट झाला असेल तर नुसत्या त्याच कारणानं गाडी डुलते. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यावर खाच लागल्यासारखं अडकलं तर स्टीअरिंगचे बेअरिंग गेले. मागचं चाक उचलून स्विंगआर्म आडवा हलवा. खुळखुळ जाणवली तर पिव्होटचे (तो जिथे फ्रेमला जोडलेला असतो तिथले) बेअरिंग पाहा. शेवटी पेट्यांची आणि बॉक्सची पकड. पेटी हातानं हलवली आणि कुलपात खटखट झाली, तर रबर बदला.

एवढं सगळं ठीक असेल तर बॉक्समधलं जड सामान पेट्यांत तळाशी, शक्य तितकं पुढे हलवा. बॉक्समध्ये ३ ते ५ किलो, तेही हलकं आणि फुगीर सामान. मॅन्युअलमध्ये सामानासह कमाल वेग दिलेला असतो. अनेक गाड्यांत तो १३० च आहे. तो आकडा चाचणीतून आलेला असतो, तेव्हा तो पाळा.

पेट्या फ्रेमला ताठ जोडाव्यात की थोड्या हलू द्याव्यात, यावर वेगवेगळी उत्तरं आहेत. ट्रायम्फनं २०१२ च्या ट्रॉफीत दोन्ही पेट्या आडव्या दांड्यानं एकमेकींना जोडून ५ अंशांपर्यंत एकत्र हलू दिल्या. पेट्यांचं वजन गाडीच्या डुलण्याबरोबर लगेच ओढलं जात नाही, त्यामुळे डुलणं वाढत नाही. ही मांडणी आम्हाला पटते, पण एक अट आहे : तिचे सांधे स्वच्छ आणि वंगण लावलेले हवेत. ते अडकले तर सगळा फायदा गेला.

प्रश्न : स्पोर्ट्स बाईकचंच इंजिन घेऊन त्याची ताकद कमी का करतात? फुकट घालवलेले घोडे वाटतात.

ते घोडे ज्या फेऱ्यांवर मिळतात, तिथे टुररवर कुणी जात नाही. ताशी १२० किमीला मागचं १८०/५५-१७ टायर मिनिटाला साधारण १०१० वेळा फिरतं, कारण त्याचा घेर सुमारे १.९८ मीटर आहे. सहाव्या गिअरमध्ये एकूण गुणोत्तर ४.२५ ठेवलं, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या ४.२५ फेऱ्या, तर इंजिन मिनिटाला ४३०० फेऱ्यांवर चालतं. म्हणजे इंजिनाची गोडी ३००० ते ७००० मध्ये हवी.

त्यासाठी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या उंचवट्यांचा कालावधी कमी करतात, इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ आखडतात, इनटेकच्या नळ्या लांब आणि पोर्ट अरुंद करतात. हवा कमी फेऱ्यांतही वेगानं आत जाते आणि सिलिंडर नीट भरतो. क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचं) जडत्व थोडं वाढवतात, म्हणजे गर्दीत थ्रॉटल उघडझाप करताना गाडी हिसके देत नाही. मागे माणूस बसलेला असताना याची किंमत कळते. प्रत्येक हिसक्याला हेल्मेटवर हेल्मेट आपटतं.

दुसरी बाजू कंपनांची. चार सिलिंडर एका ओळीत असले की पहिल्या दर्जाची, म्हणजे क्रँकच्याच वेगाची, कंपनं एकमेकांना खोडतात, पण क्रँकच्या दुप्पट वेगाची कंपनं उरतात. ४३०० फेऱ्यांवर सेकंदाला १४३. ही वारंवारता हाताला मुंग्या आणणारी आहे. म्हणून यामाहा एफजेआर१३०० च्या १२९८ सीसी इंजिनात कंपनं खोडणारे दोन बॅलन्सर शाफ्ट आहेत. ते नसतील तर हँडलच्या टोकाला वजनं, रबरावर बसवलेलं हँडल, फूटरेस्टमध्ये भरीव रबर, असे उपाय उरतात. तुमच्या गाडीला एखाद्या ठरावीक वेगातच मुंग्या येत असतील, तर पुढचं स्प्रॉकेट एका दातानं मोठं करून पाहता येतं. १६ चे १७ केले की फेऱ्या ५.९ टक्क्यांनी उतरतात, ४३०० च्या ४०५० होतात. त्याआधी स्प्रॉकेटच्या कव्हरमध्ये चेनला जागा आहे का ते बघा, आणि वेग गिअरबॉक्सवरून मोजला जात असेल तर मीटर कमी वेग दाखवेल हे ध्यानात ठेवा.

प्रश्न : टाकी किती लिटरची असावी?

प्रवासी गाडीला एका भरतीत ३५० किमी मिळावेत. लिटरला १८ किमी धरले तर २० लिटर, वर राखीव. एफजेआरची २५ लिटरची होती. होंडाच्या व्हीएफआर१२००एफला १८.५ लिटरच दिली आणि एवढ्या मोठ्या इंजिनाच्या टुररला ती अपुरी आहे, असं आमचं मत आहे. मात्र टाकी नुसती वाढवत नेता येत नाही. २५ लिटर पेट्रोल म्हणजे साडेअठरा किलो, तेही उंचावर, आणि ते प्रवासात कमी होत जातं. १९९० च्या होंडा एसटी११०० मध्ये २८ लिटर होते, पण टाकी सीटखाली उतरवली होती. भरलेली आणि रिकामी गाडी यांच्या वागण्यात त्यामुळे फार फरक पडत नसे.

प्रश्न : चेन बरी की शाफ्ट?

वर्षात लांबचे प्रवास किती आणि हात काळे करायची तयारी किती, यावर ते आहे.

चेन हलकी असते, ताकद कमी खाते, गुणोत्तर बदलता येतं. तिला दर ५०० ते ८०० किमीवर वंगण लागतं आणि साधारण २० ते ३० हजारांवर स्प्रॉकेटसकट बदलावी लागते. टुररवर तिचं सगळ्यात मोठं दुखणं ताण लावण्याचं आहे. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सर्वांत घट्ट होते. रिकाम्या गाडीवर २५ मिमी ढील ठेवली आणि दोन माणसं व सामान बसून मागची बाजू ४० मिमी उतरली, तर ती ढील संपू शकते. मग चेन गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बेअरिंगला ओढत राहते आणि सील गळू लागतं. ताण लावल्यावर दोघांनी बसून, तिसऱ्याकडून ढील तपासून घ्या.

शाफ्ट, म्हणजे चेनऐवजी चाकाला ताकद देणारा फिरता दांडा, जड आहे आणि ते वजन मागच्या चाकापाशी येतं. थ्रॉटल दिला की शाफ्टच्या टोकाचं लहान चक्र (पिनिअन) चाकाजवळच्या मोठ्या चक्रावर (क्राउनवर) चढू पाहतं आणि मागची बाजू उचलली जाते. बीएमडब्ल्यूनं १९८७ मध्ये पॅरालिव्हर ही समांतर दांड्यांची रचना आणून हा परिणाम बराच दाबला. कावासाकीच्या १४०० जीटीआरमधला टेट्रालिव्हर त्याच विचाराचा. क्रँक गाडीला आडवा असेल तर शाफ्टसाठी ताकद दोनदा काटकोनात वळवावी लागते, गाडीच्या लांबीच्या दिशेनं असेल तर एकदाच.

शाफ्टची देखभाल थोडी आहे, पण आहे. मागच्या चाकाजवळच्या गिअरच्या डब्यात २०० मिलीच्या आसपास जीएल-५ हायपॉइड तेल असतं, ते मॅन्युअलनुसार बदला. ड्रेन बोल्टवरच्या चुंबकाला बारीक राखाडी लेप लागणं ठीक आहे. टोचणारे तुकडे दिसले तर डबा उघडा. टायर बदलताना चाक निघालेलंच असतं, तेव्हा स्प्लाइन, म्हणजे चाक आणि डबा जोडणारे दात, पुसून मॉलिब्डेनमचं ग्रीस लावून घ्या. हे वर्षानुवर्षं कुणी करत नाही आणि मग दात झिजून चाक फिरेनासं होतं.

प्रश्न : सावकाश रहदारीत मांड्या भाजतात. सर्व्हिसिंगनंतर जास्तच.

"सर्व्हिसिंगनंतर" या शब्दातच उत्तर असण्याची शक्यता मोठी आहे. टाकी आणि फ्रेम यांच्यामध्ये रबराचे किंवा फोमचे पडदे असतात. एअर फिल्टर काढताना ते निघतात आणि परत बसवायचे राहतात. मग इंजिनावरची गरम हवा सरळ मांड्यांवर येते. भागांच्या चित्राशी ताडून पाहा. त्यानंतर कूलंट अर्धं-अर्धं मिसळलेलं आहे का, पंखा १०० ते १०५ अंशांच्या दरम्यान सुरू होतो का आणि रेडिएटरच्या पाकळ्या किड्यांनी बुजल्या आहेत का, तेही बघा. किडे मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्यानं काढा. दाबाच्या फवाऱ्यानं पाकळ्या वाकतात.

प्रश्न : कागदावरच्या कल्पनेपासून विक्रीपर्यंत नेमकं काय काय होतं?

साधारण तीन-चार वर्षं जातात. आधी आकडे ठरतात : कमाल एकूण वजन, पल्ला, सीटची उंची, पेट्यांसह रुंदी. मग जुळवाजुळवीची गाडी, म्हणजे हाताशी असलेलं इंजिन जोडतोड केलेल्या फ्रेममध्ये. ती कुरूप असते आणि तिचं काम भूमिती तपासणं एवढंच. त्याच वेळी मातीचा पूर्णाकृती नमुना तयार होतो आणि त्यावर उंच-बुटके चालक, मागे बसणारे, सगळे बसवून पाहतात. मग बोगदा. त्यात चालकाच्या जागी माणूस किंवा पुतळा असतोच, कारण या गाडीच्या वाऱ्याला अडवणाऱ्या आकारात माणसाचा वाटा फार मोठा आहे.

खरी कसोटी त्यानंतर. सबफ्रेम आणि पेट्यांचे आधार हायड्रॉलिक यंत्रावर दिवसरात्र हलवून भेगा कुठे जातात ते पाहतात, मग दगडी रस्त्यांवर पूर्ण भारानिशी. वेगातल्या स्थिरतेच्या चाचण्या रिकामी, पेट्यांसह, पेट्या व बॉक्ससह, एकच पेटी भरलेली, नवे टायर, झिजलेले टायर अशा जोड्यांनी होतात. सगळ्यात वाईट जोडी जिथे सुरक्षित ठरते, तो वेग मॅन्युअलमध्ये छापला जातो. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलची जुळणीही भारासह पुन्हा करावी लागते. भारानं मागचं चाक दाबलेलं असलं, की ते एकट्या चालकापेक्षा कितीतरी जास्त ब्रेक पेलतं.

प्रश्न : गरम ग्रिप, दोघांची गरम जॅकेटं आणि गरम सीट लावली तर बॅटरी उतरते. मोठी बॅटरी घालू का?

मोठी बॅटरी घातली तर ती फक्त जरा उशिरा उतरेल. आधी अल्टरनेटरचा हिशेब करा. ४५० वॉटचा अल्टरनेटर धरू. पेट्रोल पंप ५०, इंजेक्शन-इग्निशन-ईसीयू (इंजिनाचा संगणक) ६०, दिवे आणि मीटर ५०, एबीएस आणि बॅटरी भरणं मिळून ३०, पंखा चालू असेल तेव्हा ८०. झाले २७०. उरले १८०. ग्रिप ३५, दोन जॅकेटं १४०, दोन्ही सीट ६०, म्हणजे २३५. ५५ वॉटची तूट बॅटरीतून जाते. शिवाय ४५० हा आकडा ५००० फेऱ्यांवरचा असतो. आयडलिंगवर त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळतात. टुररना ५००-६०० वॉटचे अल्टरनेटर देतात ते याचसाठी.

बॅटरीच्या टोकांवर व्होल्टमीटर लावून सगळं चालू करा आणि इंजिन ४००० वर धरा. १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर ठीक. १३ च्या खाली गेले तर एक जॅकेट बंद ठेवा किंवा सीट. आयडलिंगला सगळंच बंद. वायरिंग हँडलच्या स्विचमधून नेऊ नका. बॅटरीवरून वेगळी २.५ चौरस मिमीची वायर, बॅटरीजवळच २० अँपिअरचा फ्यूज, इग्निशननं चालू होणारा रिले आणि प्रत्येक जॅकेटला ७.५ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज घाला. व्होल्टेज सगळं बंद असतानाही कमी येत असेल, तर रेग्युलेटरचा कनेक्टर उघडून पाहा. त्याच्या पिना तपकिरी पडल्या असतील आणि प्लास्टिक वितळलेलं असेल तर दोष तिथे आहे. कनेक्टरच्या दोन्ही बाजू एकत्रच बदला, कारण जळलेल्या पिनेवर नवी टोपी बसवली तर ती पुन्हा तापते.